मांजर नको, खून शिकवा

"मास्तर, मांजर-कुत्रं काय नको मला. खून शिकवा."

सिद्रामप्पा माझ्या खोलीच्या दारात उभे राहून हे म्हणाले, आणि माझ्या हातातला चहा धोतरावर सांडला. पुण्याची नोकरी सोडून सोलापूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला मी नुकताच आलो होतो. मंगळवार पेठेत सिद्रामप्पांची भुसाराची अडत होती. खाली ज्वारीची पोती आणि वर मी, अशी आमची राहण्याची व्यवस्था. घरमालक भाड्याबद्दल बोलायला आला असेल म्हणून मी उठून बसलो, तर हा गृहस्थ खून मागत होता.

मी जात्याच लवकर हबकणारा माणूस. पाल चुकचुकली तरी याच्या पोटात गोळा येतो, असं आमच्या घरी म्हणत. आणि समोर उभा राहिलेला माणूस काही साधासुधा नव्हता. दार भरून उरेल असा देह, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, खांद्यावर उपरणं. मी म्हणालो, "अप्पा, बसा तरी."

बसल्यावर उलगडा झाला. त्यांना इंग्रजी शिकायचं होतं, पण सगळं नको होतं. फक्त खून, मारामारी, दरोडा, आरोपी, साक्षीदार, वकील, जज्ज आणि फाशी एवढंच हवं होतं.

मी म्हणालो, "असं मधूनच घुसता येत नाही भाषेत. आधी क्याट, डॉग, वॉटर, ब्रेड. मग वाक्यं. मग पुढचं."

"मांजरावर खटला चालतो का कुटं?"

"नाही."

"मग ते काय करायचं शिकून? पाणी मला मराठीत मिळतं, भाकरी गौरव्वा कानडीत देती. इंग्रजी जितं लागतं तितलं शिकवा."

पन्नाशी उलटलेल्या माणसाशी आणि त्यातून घरमालकाशी वाद कोण घालणार? मी मर्डरपासून सुरुवात केली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, गिरणीचा भोंगा झाला की अप्पा पाटी घेऊन वर येत आणि मी त्यांना गुन्हे शिकवी. खाली त्यांचे हमाल ऐकत असत. माझी अब्रू त्या पेठेत काय राहिली असेल, तुम्हीच सांगा.

खरी फजिती पुढंच होती. मला वाटत होतं की मला इंग्रजी येतं. थेफ्ट आणि रॉबरी यांत फरक काय, असं अप्पांनी विचारलं आणि मी गार पडलो. शेवटी शाळेजवळच्या एका वकिलाकडून कायद्याचं जाडजूड पुस्तक मागून आणलं. तो वकीलही माझ्याकडे जरा बघतच राहिला. मी रात्री त्यातली पानं वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी अप्पांना सांगायचो. त्या वर्षाच्या शेवटी शेवटी माझ्या स्वप्नात गळे दाबलेली माणसं येऊ लागली. बदली मागावी असं मनात येऊन गेलं, पण खोली हवेशीर होती.

अप्पांचं सगळ्यांत लाडकं वाक्य होतं, 'कल्पेबल होमिसाइड नॉट अमाउंटिंग टू मर्डर'. ते जिभेवर बसायला त्यांना फार दिवस लागले. सकाळी आडावर आंघोळ करताना 'कल्पेबल होमिसाइड' ऐकू यायचं आणि अंग पुसताना 'नॉट अमाउंटिंग टू मर्डर'. मधे एकदा हर हर महादेव.

अर्थ सांगितला तेव्हा ते कितीतरी वेळ पाटीकडे बघत बसले. "म्हंजे हातून मेला, पण जीव घ्यायचं मनात न्हवतं. असंच की?"

"साधारण तसंच."

"एवढी मोठी सवलत हाय कायद्यात. आन कुणी सांगत न्हाय." मग त्यांनी ते वाक्य पुन्हा घोकायला घेतलं.

शिकलेलं वापरल्याशिवाय राहणाऱ्यातले ते नव्हते. घरात मांजराने दही सांडलं, तर गौरव्वाकाकूंना शिंकाळ्याखाली उभं करून त्यांची तपासणी. आय-विटनेस कोण? मांजराच्या मिशीला दही लागलंय, हा झाला सरकमस्टॅन्शल पुरावा. तेवढ्यावर अॅक्यूज्डला शिक्षा देता येत नाही, म्हणून मांजर बेनिफिट ऑफ डाउटवर सुटलं. काकूंनी ताक न करता नुसती भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, तीही अप्पांनी निमूटपणे खाल्ली.

पुतणीला बघायला माळशिरसकडचा एक मुलगा आला होता. चांगला शेतीभाती असलेला, जरा लाजाळू. सगळे पोहे खात होते. अप्पांनी त्याला विचारलं, "गेल्या गड्ड्याच्या जत्रेला तुमी कुटं होता?" मुलगा म्हणाला, घरीच. "अॅलिबाय हाय?" म्हणजे तिथे होता याला पुरावा काय. मुलाच्या बापाला वाटलं ही काहीतरी शिक्षणाची परीक्षा असणार. तो म्हणाला, "न्हाय, पण मराठी सात इयत्ता झाल्यात." मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. तरी ते लग्न जमलं, हे त्या मुलीचं नशीब.

सात रस्त्याच्या चौकातला प्रसंग तर आठवला की अजून माझे कान तापतात. आम्ही दोघे पायी चाललो होतो. एका गोऱ्या साहेबाने मोटार थांबवली आणि स्टेशनचा रस्ता विचारला. मी तोंड उघडायच्या आत अप्पा पुढे झाले. डावा-उजवा, सरळ, वळा, यांतलं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. त्यांनी रस्त्याकडे हात केला आणि खड्या आवाजात म्हणाले, "सर. अॅक्यूज्ड अॅबस्काँड. धिस साइड." म्हणजे आरोपी फरार, या बाजूला. साहेबाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मोटार जी सोडली ती धुरळा उडवत. रस्ता मात्र बरोबर दाखवला होता. अप्पा खूश. "समजलं बगा त्याला," म्हणाले. मी आठवडाभर त्या रस्त्याने गेलो नाही.

गौरव्वाकाकू माझ्यावर चिडल्या असतील असं मला वाटे. एक दिवस जिन्यात गाठलं त्यांनी. म्हणाल्या, "मास्तर, हे काय बोलत्यात ते मला कळत न्हाय. पण बोलत्यात की. तुमी यायच्या आदी दोन वर्सं घरात माणूस हाय का न्हाय, कळत न्हवतं. खाली मान घालून जेवायचं आन उठायचं." मी का म्हणून विचारलं. "यारिगे गोत्तु," म्हणून त्या खाली गेल्या. कोणास ठाऊक, एवढाच त्याचा अर्थ. मीही मग जास्त विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं कशाला उकरा?

पण ज्या गोष्टीने मी खरोखर हादरलो ती घरातली नव्हती, बाजारातली होती.

भुसार बाजारात भाव कसा ठरतो, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. शेतकरी पोतं सोडून उभा असतो. अडत्या आणि घेणारा समोरासमोर येतात, उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबतात. त्या बोटांत भाव असतो. तोंडाने कुणी बोलत नाही. वर्षभर राबलेला तो शेतकरी उपरण्याच्या घडीकडे बघत राहतो आणि आपल्याला काय मिळालं ते त्याला शेवटी कळतं. बापजाद्यांपासून असंच चालत आलेलं. आणि त्यात दुसरा एक दंडक. मोठ्या अडत्यांनी एकदा भाव बांधला, की तिसऱ्याने तो मोडायचा नाही.

सिद्रामप्पांनी उपरण्याखाली हात घालणं बंद केलं होतं. घेणारा हात पुढे करायचा आणि अप्पा दोन्ही हात डोक्यावर ठेवून पेठ दणाणेल असा भाव ओरडायचे. वर म्हणायचे, "ओपन कोर्ट." शेतकरी हसायचे. अडते हसायचे नाहीत. घेणाऱ्यांनी त्यांच्या दुकानाची वाट सोडली. मी तिथे राहत असताना निम्मं कोठार रिकामं झालं. एक म्हातारा अडत्या मला म्हणाला, "तुमी शिकलेली माणसं. सांगा की जरा त्याला. वाडवडलांची गादी हाय."

मी गेलो सांगायला. "अप्पा, तुम्हाला वेड लागलंय का? चालता धंदा असा कोणी बुडवतं?"

ते म्हणाले, "मास्तर, मोशन डिसमिस्ड." म्हणजे माझा अर्ज फेटाळला. आणि ज्वारी पाखडायला लागले. मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांना शिकवलं नाही. तिसऱ्या दिवशी ते पाटी घेऊन दारात उभे होतेच.

मग एक दिवस कोर्टाचा शिपाई समन्स घेऊन आला. सेशन्स कोर्टात खुनाचा खटला होता आणि सिद्रामप्पांना असेसर म्हणून बोलावलं होतं. पुण्याला म्हणे ज्यूरी बसते आणि ज्यूरीचा शब्द जज्जाला सहसा मोडता येत नाही. आमच्याकडे असेसर. गावातली दोन-तीन प्रतिष्ठित माणसं जज्जाच्या बाजूला खुर्च्या टाकून बसवायची, खटला ऐकायला लावायचा, शेवटी मत विचारायचं. ते पाळायचं की नाही, ही जज्जाची मर्जी.

समन्स बघून अप्पांना घाम फुटला. जेवले नाहीत. रात्री वर येऊन म्हणाले, "मास्तर, तुमी या माझ्यासंगं. बसा तितं. मी चुकलो तर मागनं खोका." मी रजा काढून गेलो. त्यांची हौस फिटणार आणि माझी शोभा होणार, अशी माझी पक्की खात्री होती.

आरोपी होता अक्कलकोटकडचा एक म्हातारा शेळ्या राखणारा. विहिरीवर चुलतभावाशी भांडण झालं, याने काठी मारली, चुलतभाऊ मेला. म्हाताऱ्याला कानडीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. जज्ज गोरे. वकील इंग्रजीत बोलत होते. साक्षीदार कानडीत सांगे, ते दुभाषी जज्जासाठी इंग्रजीत करी. पण जे इंग्रजीत चाललं होतं ते कानडीत कोणीच करत नव्हतं. म्हातारा कठड्याला धरून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. एक थांबला की दुसऱ्याच्या तोंडाकडे.

तिघे असेसर ओळीने बसलेले. बाकीचे दोघे बाजारातलेच मोठे अडते. दुपारी सरकारी वकिलाचं भाषण चालू असताना मला दिसलं, की शेजारच्या अडत्याने आपलं उपरणं सारखं केलं आणि अप्पांच्या हाताकडे सरकवलं.

अप्पा ताडकन उठले. दोन्ही हात डोक्यावर. "माय लॉर्ड."

सेशन्स जज्जाला युअर ऑनर म्हणतात, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. पण माय लॉर्ड त्यांना जास्त वजनदार वाटे. सरकारी वकिलाचं वाक्य तोंडातच राहिलं. मी डोळे मिटून घेतले.

"माय लॉर्ड. ऑब्जेक्शन. अॅक्यूज्ड अॅबसेंट."

जज्जांनी कठड्याकडे पाहिलं. इंग्रजीत म्हणाले, आरोपी समोर उभा आहे.

मला कळत होतं की अप्पांना काय म्हणायचंय, आणि हेही कळत होतं की त्यांच्याजवळ ते सांगायला शब्द नाहीत. ऐकणं, समजणं, भाषा, बिचारा, असलं काही मी त्यांना शिकवलंच नव्हतं. ते गुन्ह्यांमध्ये शब्द शोधत होते. उभ्या जागी त्यांच्या कपाळावरची विभूती घामाने ओघळली.

मग म्हणाले, "नो, माय लॉर्ड. डेडबॉडी प्रेझेंट. अॅक्यूज्ड अॅबसेंट."

कोणी हसलं नाही. वकिलांच्या रांगेतून कुणीतरी श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं. आता यांनाच आत टाकणार, असं मला वाटलं. जज्जांनी अप्पांकडे पाहिलं. मग कठड्यातल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि दुभाष्याला म्हणाले, आतापर्यंत जे झालं ते सगळं याला याच्या भाषेत सांगा.

दुभाष्याने सांगितलं. म्हाताऱ्याने मान तिरकी करून ऐकलं. संपल्यावर त्याने साक्षीदाराकडे बोट केलं आणि कानडीत काही म्हणाला. दुभाष्याने ते इंग्रजीत केलं. काठी मी मारली. त्याने माझ्या शेळीला हौदावरून हाकललं म्हणून मारली. पण तो पडल्यावर विहिरीतून पाणी शेंदून त्याच्या तोंडात कोणी घातलं, ते विचारा याला. साक्षीदाराला पुन्हा उभं केलं. तो म्हणाला, व्हय, पाणी यानंच घातलं. डोकं मांडीवर घेतलं होतं. मला कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

शेवटी असेसरांची मतं विचारली. पहिला म्हणाला, खून. दुसरा म्हणाला, खून. अप्पा उभे राहिले, हात जोडले, आणि आडावर घोकलेलं ते सगळंच्या सगळं वाक्य, एक अक्षर न चुकता, अगदी सावकाश म्हणाले. शेजारचे दोघे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

जज्जांनी निकाल दिला तेव्हा त्यात तेच वाक्य होतं. म्हाताऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली. फाशी टळली.

मी तर हवेतच होतो. आपल्या शिकवणीने माणसाचा जीव वाचला, ही काय साधी गोष्ट झाली? बाहेर पडल्यावर टांगा करू या म्हणालो. अप्पा म्हणाले, चालत जाऊ. वाटेत माझी बडबड चालली होती. माय लॉर्डबद्दल त्यांना माफ करून टाकलं होतं मी. ते एका लिंबाखालच्या पारावर बसले आणि उपरणं काढून मांडीवर ठेवलं.

"मास्तर, ही दुसरी खेप हाय माझी."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तुमी यायच्या आदी दोन वर्सं. असंच बोलावलं होतं. मंद्रूपकडचा एक गडी होता, भीमशा म्हणून. खून केला म्हणून धरलेला. माझ्या वळखीचा. दर सुगीला ज्वारी माझ्याच अडतीला टाकायचा, दुसरीकडं कुटं जायचा न्हाय." ते थांबले. "वळखीचा हाय म्हणून सांगायला पायजे होतं. पण इंग्रजी येत न्हाय, आन एवढ्या कोर्टात मराठी बोलायची लाज वाटली. दिवसभर काय चाललं होतं, मला एक अक्षर कळलं न्हाय. मान डोलवत बसलो. शेजारी आपल्याच पेठेतले दोघं. आदीच ठरवलेलं त्यांनी. एक बोट म्हंजे सोडायचं, दोन बोटं म्हंजे धरायचं. उपरणं टाकलं माझ्या हातावर. दोन बोटं दाबली."

मी त्यांच्या मांडीवरच्या उपरण्याकडे पाहिलं.

"दोघांनी बांधलेला भाव तिसरा मोडत न्हाय. मी बी मोडला न्हाय. त्यानं मारलं होतं का न्हाय, मला आजबी ठाऊक न्हाय. कळलंच न्हाय तर ठाऊक कसं असंल?" उपरण्याची घडी ते उलगडत होते आणि पुन्हा घालत होते. "फाशी झाली त्याला. पण मास्तर, ते सांगत न्हाय मी. त्यानं बघितलं ते सांगतोय. त्याला बी इंग्रजी कळत न्हवतं. पण उपरणं कळत होतं की. जन्मभर तेच बघत आलेला. आमचा हात उपरण्याखाली गेल्याला त्यानं बघितला आन माझ्याकडं बघून हसला. हात जोडले. त्याला वाटलं, आपला अप्पा बसलाय तितं. चांगला भाव लावील."

एवढे दिवस मी या माणसाच्या प्रत्येक शब्दाने हबकत होतो. आज नुसता बसून राहिलो. डोळे भरून आले होते, ते मी पुसलेही नाहीत. समोरून गिरणी सुटलेली माणसं घरी चालली होती.

काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "अप्पा, आता झालं ना. आता उद्यापासून मांजर शिकू या. क्याट. सोपं आहे."

त्यांनी मान हलवली. "मांजर राहू द्या. लिस्टात नाव हाय अजून माझं. पुन्ना बोलावतील." मग उपरणं खांद्यावर टाकून उठले. "फाशी सांगितल्यावर ती थांबवायची असंल, तर त्याला काय म्हणत्यात? ते राहिलंय."

मी सांगितलं, "रिप्रीव्ह."

"रिप्रीव्ह," अप्पा म्हणाले. पेठेतलं घर येईपर्यंत ते तेवढा एकच शब्द म्हणत होते, आणि मी त्यांच्याबरोबर म्हणत होतो.